मूलपेशींपासून भ्रूणाचे प्रारूप : विज्ञान, नियम आणि ख्रिस्तसभेची शिकवण

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव तेथील गणपती मंदिरामुळे दूरवर परिचित आहे. या परिसरातील एखाद्या दांपत्यास अपत्य होत नसेल, अथवा दिवस राहूनही ते टिकत नसतील, तर त्यांना उपचारांसाठी जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तपासण्यांवर तपासण्या होतात आणि पुष्कळदा अखेरीस एकच उत्तर हाती येते : कारण सापडत नाही. डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. मानवी गर्भाचे पहिले काही आठवडे विज्ञानालाच अद्याप नीट दिसलेले नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी मूलपेशींपासून भ्रूणाची प्रारूपे तयार केली जाऊ लागली आहेत. ‘शुक्राणू व अंडे यांवाचून भ्रूण’ अशा मथळ्यांमुळे भाविकांच्या मनात संभ्रम निर्माण होणे स्वाभाविक आहे. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी मानवी भ्रूण हा पेशींचा एक सूक्ष्म पोकळ गोळा असतो. त्याच्या बाहेरील थरातून पुढे वार बनते आणि आतील पेशींच्या पुंजक्यातून बाळाचे शरीर घडते. त्यानंतर तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो व दृष्टीआड होतो. चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास त्यावर आदिरेखा उमटते. डोके कोणत्या बाजूस व पाय कोणत्या, उजवे कोणते व डावे कोणते, हे तेथून ठरू लागते. अनेक गर्भ याच काळात गळून पडतात. कित्येकदा पाळी चार-आठ दिवस लांबली, एवढेच त्या मातेला कळते.

आतील पुंजक्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या की त्यांना भ्रूणजन्य मूलपेशी म्हणतात. त्या मिळविताना भ्रूण नष्ट होतो, आणि ख्रिस्तसभेचा मूळ आक्षेप येथेच आहे. हा विषय महाराष्ट्राला परका नाही. मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी कृत्रिम फलनातून बालिकेचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते कार्य होते. अशा उपचारांत काही भ्रूण शिल्लक राहतात. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेने शासकीय निधीस पात्र ठरविलेल्या ६४ मूलपेशी-वाणांपैकी ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेस कंपनीचे आणि ३ बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे होते. पुढे परळच्या त्याच संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने ‘किंड-१’ व ‘किंड-२’ हे दोन वाण तयार केले आणि २००९ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली.

दरम्यान एक वेगळी वाट खुली झाली होती. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींना मूलपेशींचे गुण प्राप्त करून दिले. त्यासाठी भ्रूण लागला नाही. २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रूणाच्या नाशाचा प्रश्न आता मिटला, असे त्या वेळी अनेक कॅथलिक अभ्यासकांना वाटले. तो एका अंगाने मिटला. दुसऱ्या अंगाने नवा प्रश्न उभा राहिला.

मूलपेशींना योग्य रसायने व योग्य सोबत मिळाली की त्या आपापसांत रचना करू लागतात. २०२० साली केंब्रिज येथे तयार झालेल्या एका प्रारूपात शरीराची लांबीची दिशा व स्नायूंच्या पूर्वखुणा दिसल्या. मात्र त्यात मेंदूचा भाग नव्हता आणि वारही नव्हती. मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील होसे पोलो यांच्या गटाने त्वचेच्या पेशींपासून, तर अमेरिकेतील जुन वू यांच्या गटाने मूलपेशींपासून पाचव्या-सहाव्या दिवसाच्या भ्रूणासारखे पोकळ गोळे बनविले. सप्टेंबर २०२३ मध्ये इस्राएलच्या वाइझमान संस्थेतील जेकब हन्ना यांनी चौदा दिवसांच्या भ्रूणाचे प्रारूप जाहीर केले. वारेच्या, अन्नपिशवीच्या व भोवतालच्या आवरणांच्या पेशी त्यात होत्या, आणि गरोदरपणाची चाचणी होकारार्थी यावी असे संप्रेरकही त्यातून स्रवत होते. हन्ना यांचे हे प्रारूप भ्रूणजन्य मूलपेशींच्या वाणांवर आधारलेले होते. शंभर पुंजक्यांपैकी जेमतेम एक ते तीन पुंजक्यांतच अशी रचना साधली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

गर्भ रुजण्यात काय बिघडते, वार कशी बनते, कोणते औषध गर्भास घातक ठरते, हे अशा प्रारूपांवर तपासता येते. आम्ही हा लाभ कमी लेखत नाही. परंतु प्रारूप जितके भ्रूणासारखे, तितके ते संशोधनास उपयोगी. आणि जितके ते भ्रूणासारखे, तितकीच ‘हा भ्रूणच तर नव्हे?’ ही शंकाही बळावते.

श्रद्धासिद्धांत मंडळाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजात या प्रारूपांचा उल्लेख नाही, कारण ती तेव्हा नव्हतीच. पण जवळच्या एका प्रश्नाचा तेथे विचार झालेला आहे. अंडपेशीच्या केंद्रकात फेरफार करून, भ्रूण न घडविता, भ्रूणासारख्या मूलपेशी मिळविण्याच्या पद्धती त्या काळी सुचविल्या गेल्या होत्या. जे निर्माण होते ते नेमके काय आहे, याचा निर्वाळा मिळेपर्यंत त्या वाटेने जाऊ नये, असे मंडळाने सांगितले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ सालच्या ‘एवांजेलियुम वीते’ या परिपत्रकाचा आधार दिला : मानवी व्यक्ती तेथे असण्याची नुसती शक्यताही मनाईसाठी पुरेशी आहे. राजूरकडचा शेतकरी पऱ्हाट्यांचा ढीग पेटविण्यापूर्वी त्याआड मूल खेळत असल्याची शंका आली, तर आधी हातातली काडी विझवितो, मग पाहतो.

याचा अर्थ सर्व प्रारूपे एकाच मापाने मोजावीत असा नाही. प्रौढ व्यक्तीच्या पेशींपासून बनविलेल्या, मेंदू व वार यांपैकी काहीच नसलेल्या अपूर्ण प्रारूपाविषयी फारशी शंका राहत नाही, असे आमचे मत आहे. समग्र भ्रूणाची नक्कल करणाऱ्या प्रारूपाविषयी मात्र ती राहते. हन्ना यांचे प्रारूप रुजण्याची पायरी वगळून पुढे जाते, त्यामुळे ते गर्भाशयात वाढू शकत नाही, असे संशोधक म्हणतात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण फार काळ जगू न शकणारा दुर्बल भ्रूणही भ्रूणच असतो, तेव्हा एवढ्यावरून निर्णय होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या शासकीय परवाना समितीने तर पोलो यांचे त्वचापेशींचे गोळे देशाच्या कायद्यानुसार मानवी भ्रूणाच्या व्याख्येत धरले. २०२३ साली चीनमध्ये माकडाच्या मूलपेशींपासून बनविलेले असेच गोळे ८ माद्यांच्या गर्भाशयात सोडण्यात आले. तिघींमध्ये गर्भधारणेची आरंभीची चिन्हे दिसली, ती काही दिवसांतच नाहीशी झाली.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. फलनापासून १४ दिवस अथवा आदिरेखा उमटणे, यांपैकी जे आधी घडेल त्यापलीकडे मानवी भ्रूण प्रयोगशाळेत वाढविण्यास त्यांनी मनाई केली आहे. पोलो व वू यांचे गोळे या नियमानंतर चार वर्षांनी आले. जेथे फलनच झाले नाही तेथे पहिला दिवस कोणता धरावा? आदिरेखेची कसोटी तेवढी लागू पडू शकते. मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५ साली आपल्या नियमावलीत सुधारणा केली. समग्र भ्रूणाची नक्कल करणारी व अपूर्ण प्रारूपे हा जुना भेद काढून तिने सर्वच प्रारूपांवर देखरेख आवश्यक मानली. ती गर्भाशयात सोडण्यास, तसेच गर्भाशयाबाहेर जगू शकेल अशा अवस्थेपर्यंत वाढविण्यास मनाई केली.

कृत्रिम फलनाविषयी ख्रिस्तसभेची भूमिका १९८७ च्या ‘दोनुम वीते’ या शिकवणुकीपासून स्पष्ट आहे : पतिपत्नीच्या मीलनाची जागा तंत्राने घेऊ नये. तथापि जी दांपत्ये या उपचारांस सामोरी गेली आहेत त्यांच्यापुढे कागद येतात, आणि ते पुष्कळदा इंग्रजीत असतात. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण अधिकाधिक दहा वर्षे जतन करता येतो; त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावयाचा अथवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेस संशोधनासाठी द्यावयाचा असतो. या दुसऱ्या पर्यायावर सही म्हणजे मूलपेशींसाठी भ्रूण नष्ट करण्यास संमती ठरू शकते. रक्ताचा वा त्वचेचा नमुना संशोधनासाठी मागितला गेल्यास त्यापासून मूलपेशी बनविणार काय, आणि त्यांतून भ्रूणाचे प्रारूप घडविणार काय, हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारता येतात. संमती नाकारणे हा दात्याचा हक्क आहे. त्यावरून उपचार थांबविता येत नाहीत.