होरेबचा अग्नि आणि किल्लारीची पहाट

जुबिलीच्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहतांना आनंदाबरोबर दुःखाचेंही स्मरण होणें साहजिक आहे. नांदेड-लातूरकडील आम्हां लोकांस ता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कशी विसरतां येईल? आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गांवेंच्या गांवें निजलीं होतीं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं औसा तालुक्यांतील किल्लारी व सभोंवारचा मुलूख भूकंपानें हादरला. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील जड माळवदें निजलेल्यांच्या अंगावर कोसळलीं. लातूर व शेजारील उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें मरण पावलीं. मग पावसांतच सामुदायिक चिता पेटल्या.

त्या जाळाकडे पाहून, हा देवाचा कोप तर नव्हे, ही शंका श्रद्धावंताच्या मनांत आल्यावांचून कशी राहील? शिवाय आपल्या पवित्र शास्त्रांतच देवाच्या पावित्र्यास पुनःपुन्हां अग्नीची उपमा दिली आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत तर देवास भस्म करणाऱ्या अग्नीचें नांवच दिलें आहे. तेव्हां हा अग्नि कोणत्या जातीचा, ह्याचा शांतपणें विचार करणें आपलें कर्तव्य आहे.

प्रथम होरेब पर्वताकडे वळूं. शास्त्रांतील ह्या कथा मराठीस परक्या नाहींत. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्यें गोव्यांत छापलें गेलें, व त्याच्या पहिल्या भागांत जुन्या कराराचा इतिहास ओवीछंदांत सांगितलेला आहे. मोशे सासऱ्याचीं मेंढरें चारीत होरेबास गेला, तों एक झुडूप पेटलेलें त्यास दिसलें. आश्चर्य हें कीं तें जळून जात नव्हतें. ती भूमि पवित्र म्हणून त्यास वहाणा काढण्याची आज्ञा झाली. आपल्या चुलींतला विस्तव लांकूड खाऊन जगतो. येथें अग्नि आहे, पण राख नाहीं. त्या पावित्र्यापुढें मनुष्य नम्र होतो, नाहींसा होत नाहीं. आणि त्या अग्नींतून जी वाणी निघाली, ती मिसर देशांतील गुलामांच्या सुटकेची होती.

यशया संदेष्ट्याचा अनुभव असाच आहे. एका सराफीम दूतानें वेदीवरील निखारा चिमट्यानें उचलून त्याच्या ओठांस लाविला. हेतु ओठ भाजण्याचा नव्हता, पाप दूर करण्याचा होता. मलाखी संदेष्टा देवास रुपें गाळणाराची उपमा देतो. नांदेडच्या किंवा लातूरच्या सराफ्यांत सोनार मुशीपुढें कसा बसतो हें आपण पाहतों: जाळ फुंकतो, पण नजर काढीत नाहीं. त्यास मळ जाळावयाचा असतो, रुपें नव्हे.

परंतु किल्लारीच्या प्रश्नास सरळ उत्तर मिळतें तें एलिया संदेष्ट्याच्या कथेंत, आणि तेंही त्याच होरेब पर्वतावर. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेनें आकाशांतून अग्नि उतरला, तोच एलिया जीव मुठींत धरून येथें आला. प्रचंड वारा सुटला, मग भूकंप झाला, मग अग्नि आला. पण ह्या तिहींत परमेश्वर नव्हता. शेवटीं एक मंद नाद आला, आणि तो ऐकून एलियानें तोंड झांकून घेतलें. अग्नि हें देवाच्या पावित्र्याचें चिन्ह खरें. परंतु प्रत्येक आग म्हणजे देव नव्हे. पुढें एका शोमरोनी गांवावर आकाशांतून अग्नि पाडावा असें याकोब व योहान म्हणूं लागले, तेव्हां प्रभु येशूनें त्या गांवास नव्हे, तर आपल्या शिष्यांसच धमकाविलें.

किल्लारीचा भूकंप भूगर्भांत सांचलेला ताण मोकळा झाल्यानें झाला, आणि जीव गेले ते मुख्यतः मातींत रचलेल्या दगडांखालीं व माळवदांखालीं. मेलेल्यांचें पाप शोधीत बसणें हें आपलें काम नव्हे. तो मंद नाद ऐकावयाचा तर ढिगारे उपसणाऱ्या हातांजवळ ऐकावा. मदतीस सर्व धर्मांचे लोक धावले. त्यांत कॅथॉलिक सेवासंस्थाही होत्या.

ईस्टरच्या जागरणांत मंदिराबाहेर नवा अग्नि पेटवून त्यास आशीर्वाद दिला जातो. हा विधि कित्येक शतकें शनिवारीं सकाळींच होत असे, इ. स. १९५१ मध्यें पोप बारावे पायस ह्यांनीं तो पुनः रात्रीं करण्याची परवानगी दिली, व १९५६ पासून तसा नियमच झाला. अंधारांत त्या अग्नीवरून ईस्टरची मोठी मेणबत्ती लागते, तिच्यावरून आम्हां सर्वांच्या मेणबत्त्या लागतात. आणि इतक्यांस देऊनही तिची ज्योत कमी होत नाहीं.

पुढील ईस्टरच्या रात्रीं हातांत ती ज्योत घेऊन आपण किल्लारीच्या मृतांसाठीं, ते कोणत्याही धर्माचे असोत, प्रार्थना करूं. जो अग्नि झुडूप जाळीत नाहीं, तोच आमच्या धर्मग्रामांतील प्रत्येक घरीं तेवत राहो.