अंमल कोणाचा? गोगोलच्या ‘रेविझोर’ची रूपांतरे

रूपांतराचा विचार करताना ‘मूळ कृतीशी निष्ठा राखली आहे का?’ हा प्रश्न सवयीने विचारला जातो. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, रूपांतरकाराने मूळ कृतीतील कोणती भीती आपल्या समाजाची मानली? निकोलाय गोगोलच्या ‘रेविझोर’ (१८३६) या नाटकाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष उद्बोधक ठरतो. कारण अवघ्या चार वर्षांत त्याची तीन रूपे पुढे आली: हॉलिवूडचा ‘द इन्स्पेक्टर जनरल’ (१९४९), चेतन आनंद यांचा ‘अफसर’ (१९५०) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अंमलदार’ (१९५२) हे नाटक.

गोगोलचे कथानक सर्वपरिचित आहे. राजधानीतून गुप्तपणे तपासनीस येणार या वार्तेने एका लहान शहरातील भ्रष्ट अधिकारी हादरतात आणि खाणावळीचे पैसे थकवून बसलेल्या ख्लेस्ताकोव्ह या फुटकळ कारकुनालाच तपासनीस समजतात. लाच, मेजवान्या, विवाहाची बोलणी असे सारे पार पडते. तो निघून गेल्यावर पत्रे फोडण्याची सवय असलेल्या पोस्टमास्तरमुळे सत्य उघड होते आणि त्याच क्षणी खरा तपासनीस आल्याची वर्दी येते. सारे जागच्या जागी गोठतात, पडदा पडतो. खरा तपासनीस रंगमंचावर येतच नाही. तो न्यायी असेल की लाचखाऊ, हे गोगोल सांगत नाही. नाटकाचे सारे सामर्थ्य या न सांगण्यात आहे.

हेन्री कोस्टर दिग्दर्शित हॉलिवूडपटाने नेमकी हीच जागा भरून काढली. येथे कथा रशियात न घडता नेपोलियनच्या साम्राज्यातील एका गावात घडते. डॅनी केने रंगवलेला नायक बढाईखोर कारकून नाही. गावोगाव बनावट औषध विकणाऱ्या एका भोंदूचा तो निरक्षर, भाबडा साथीदार आहे. त्याच्याकडून खोटे निभत नाही आणि तेच त्याच्या अडचणींचे मूळ. शेवटी खरा तपासनीस येतो, भ्रष्टांना दूर करतो आणि या प्रामाणिक माणसालाच नगरप्रमुख नेमतो. गाणी आणि विनोद मनोहारी आहेत, परंतु अर्थ उलटला आहे. गोगोलच्या नाटकात सर्व व्यवस्थाच संशयास्पद आहे, तर चित्रपटात दोष खालच्या पायरीवर असून वरची सत्ता निर्मळ आहे. प्रेक्षक हसतो आणि निश्चिंत होऊन घरी जातो.

देव आनंद यांच्या ‘नवकेतन’चा पहिला चित्रपट असलेल्या ‘अफसर’ने हेच कथानक नवस्वतंत्र भारतात आणले. मराठीत पु. लं.नी शीर्षकासाठी निवडलेला शब्द मात्र आम्हांला अधिक विचारप्रवृत्त करतो. ‘रेविझोर’ म्हणजे तपासणारा. ‘तपासनीस’ हा शब्द मराठीत तयार होताच. आमच्या मराठवाड्यात, निजामी महसुली कारभारातून आलेला ‘गिरदावर’, म्हणजे फिरून पाहणी करणारा, हाही जवळचा. पु. लं.नी ‘अंमलदार’ म्हटले. अंमलदार तपासत नाही, अंमल करतो. त्यामुळे भीतीचे केंद्र बदलते. चोरी पकडली जाईल ही भीती मागे पडते आणि सत्ताधाऱ्याची भीती पुढे येते. शिवाय मराठीत अंमल जसा राज्याचा असतो, तसाच नशेचाही असतो. मद्याच्या अंमलाखाली स्वतःच्याच थापांवर विश्वास ठेवत मोठा होत जाणारा ख्लेस्ताकोव्ह आणि त्याच्या कल्पित अधिकारापुढे वाकणारे गाव, या दोन्ही झिंगा त्या एका शब्दात मावतात.

या शब्दाला गुलमंडीसारख्या ठिकाणी आणखी एक पदर आहे. गुलमंडीच्या नावातच ‘गुल’ हा फार्सी शब्द आहे. हे शहर निजामाच्या राज्यातील सुभ्याचे ठाणे होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनात शेजारच्या प्रांतांतून नवे अधिकारी आले. जुना अंमल गेला आणि नवा बसत होता. बाहेरून येणारा अपरिचित अधिकारी कोण, त्याला काय हवे आहे, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे प्रश्न येथे रंगमंचापुरते नव्हते. ‘अंमलदार’ याच संक्रमणकाळातील नाटक आहे. ते या शहराविषयी लिहिलेले नाही, तरी येथील वाचकाला त्याचे शीर्षक अनोळखी वाटत नाही.

म्हणूनच ही रूपे शेजारीशेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू. विनोदी नाटकाच्या शेवटी सत्तेला दोषमुक्त करून हसू थांबते की ते प्रेक्षकाकडेच वळते, यावर त्या कृतीची नैतिक भूमिका ठरते. हॉलिवूडने पहिला मार्ग घेतला. गोगोलचा नगरप्रमुख फसवणूक उघड झाल्यावर थेट प्रेक्षकांना विचारतो की ते नेमके कोणाला हसत आहेत. मराठी रूपांतराच्या अभ्यासाची सुरुवात, शब्दांच्या हिशोबाआधी, त्या प्रश्नापासून व्हावयास हवी.