लहान तोंडाची रायफल

शिरूरला आमच्या लहानपणीं सारे घोडनदीच म्हणत. तेथें माझें बालपण गेलें, आणि पुढें भीमेच्या कांठीं, दौंड तालुक्यांत, मुलांना इतिहास शिकवतां शिकवतां केस पिकले. या दोन गांवांना जोडणारा धागा कोणता असें विचारलें तर कोणी ऊस म्हणेल, कोणी कांदा, कोणी भीमथडीच्या तट्टांची आठवण काढील. मी बंदूक म्हणेन. शिरूरला इंग्रजी फौजेची छावणी होती आणि पूना हॉर्स या घोडदळाचें ठाणें होतें. दौंडला आज राज्य राखीव पोलीस दलाचे पांचवा आणि सातवा असे दोन गट आहेत; जवळच नानवीज येथें त्याच दलाचें प्रशिक्षण केंद्र आहे. शिपायाच्या हातीं कोणती बंदूक द्यावी, हा प्रश्न या मुलुखांत दोनशें वर्षें कोणाच्या ना कोणाच्या जिवाशीं जडलेला आहे. मी शस्त्रविद्येंतला जाणता नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक मास्तर. तरीपण एका रायफलीशीं माझा प्रत्यक्ष परिचय आहे, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतों.

१९७४ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, मी राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत होतों. शेवटल्या दिवशीं आम्हां मुलांना चांदमारीवर नेलें. पंचवीस यार्डांवर चौकटींत लावलेले कागद, आडवें पडण्यास ताडपत्री, आणि प्रत्येकाच्या वांट्याला पांच काडतुसें. काडतूस केवढें, तर करंगळीच्या एका पेराएवढें लांब आणि पेन्सिलीएवढें जाड. रायफल मात्र जवळजवळ चार किलो वजनाची. हत्तीच्या सोंडेंतून वाटाणा उडवावा तसा तो प्रकार आम्हांला वाटला, आणि आम्ही हंसलों.

माझ्या शेजारच्या मुलाचें तिसरें काडतूस उडेना. त्यानें चाप ओढला, खट् असा आवाज झाला, पुढें कांहींच नाहीं. त्यानें मागची कळ बोटांनीं पुन्हां ओढून ठेविली आणि, "उस्ताद, उडत नाहीं," असें म्हणत तो रायफलीसकट मागें वळला. मागें उभ्या असलेल्या हवालदारानें एक शब्दही न बोलतां तिची नळी तळव्यानें जमिनीकडे दाबली, आणि त्याच क्षणीं बार झाला. ताडपत्रीला भोंक पडलें, आमच्या तोंडांवर माती उडाली. मुलाचें बोट चापावरच राहिलें होतें. हवालदारानें त्याला मारलें नाहीं. बोल्ट उघडून रिकामें काडतूस त्यानें बाहेर काढलें आणि आम्हां सर्वांना सांगितलें, "न उडालेलें काडतूस उडालेल्याहून वाईट. नळी समोर, बोट चापाबाहेर, आणि मला हांक मारा."

पुढें जुन्या लढायांचीं वर्णनें वाचतांना, फौजा किती होत्या यापेक्षां त्यांच्या बंदुका दर वेळीं उडत होत्या कीं नाहीं, इकडेच माझें लक्ष जाऊं लागलें.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. बरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारें पांचशें शिपाई, कांहीं शें स्वार आणि दोन तोफा. दुसरे दिवशीं सकाळीं भीमेपलीकडे पेशव्यांची फौज दिसली आणि रात्र पडेपर्यंत कोरेगांवच्या गल्ल्यांतून लढाई झाली. या लढाईच्या अर्थाविषयीं आज पुष्कळ बोललें जातें. मला येथें शिपायाच्या हातांतल्या वस्तूपुरतेंच बोलावयाचें आहे. कंपनीच्या शिपायाजवळ गारेची बंदूक होती. नळीचें तोंड पाऊण इंचाचें, आंतून गुळगुळीत. गोळी शिशाची, सुपारीएवढी. चाप ओढला कीं गार पोलादावर आपटे आणि ठिणगी रंजकींत पडे. शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम देवाच्या हवालीं. आपल्याकडची तोड्याची बंदूक लांब नळीची. चांगल्या कारागिराच्या हातची असली तर ती गारेच्या बंदुकीहून दूर आणि नेमका मारा करी. तिला जे सरसकट हिणवतात त्यांनीं ती हातांत घेऊन पाहिलेली नसते. परंतु तिला जळता तोडा लागे. तो विझूं नये म्हणून फुंकीत राहावें लागे, शेजाऱ्याच्या दारूला लागूं नये म्हणून अंगचोरीनें वागावें लागे, आणि तिचा एक बार होईतों गारेच्या बंदुकीचे दोन-तीन होत. महादजी शिंद्यांनीं द बॉयनकरवीं ज्या कवायती पलटणी उभारल्या, त्यांच्या हातींही गारेचीच बंदूक होती. म्हणजे नेमकी पण संथ बंदूक सोडून, नेमांत उणी पण झटपट उडणारी बंदूक जाणत्या सेनापतींनीं हिशेब करून पत्करली होती.

यानंतरचा सारा इतिहास नळीचें तोंड लहान होत गेल्याचा आहे. पाऊण इंचावरून १८५३ च्या एनफील्डमध्यें तें सुमारें साडेचौदा मिलिमीटरांवर आलें. नळीला आंतून आटे पाडलेले असल्यानें गोळी फिरत जाई आणि सरळ जाई. यंत्र म्हणून ही रायफल उत्तम. परंतु तिचें चरबी लावलेलें काडतूस दांतांनीं तोडावें लागे, आणि त्या चरबीविषयींच्या संशयानें १८५७ सालीं काय झालें तें आपण जाणतांच. ज्या वस्तूवर शिपायाचा विश्वास नाहीं, तिच्या नेमकेपणाचा धन्याला काय उपयोग? त्या उठावानंतर इंग्रजांनीं हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षां एक पिढी जुनी बंदूक द्यावयाची असें धोरण ठेवलें, हेंही येथें सांगून ठेवतों. कारण बंदूक निवडणारा आणि ती खांद्यावर वाहणारा हे एक नसले म्हणजे निवडीचा अर्थच पालटतो.

१८७१ ची मार्टिनी-हेन्री साडेअकरा मिलिमीटरांची. तिचें काडतूस पातळ पितळी पत्र्याचें गुंडाळून केलेलें असे. सुदानच्या १८८५ च्या मोहिमेंत धुळीनें आणि उष्णतेनें तें नळींत अडकून बसूं लागलें आणि सैनिकांवर ऐन हातघाईच्या वेळीं तें उपसून काढण्याची पाळी आली. १८८८ मध्यें तोंड आणखी लहान झालें: पॉइंट थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ७.७ मिलिमीटर. तेव्हां मोठ्या गोळीला सरावलेल्या लोकांनीं ओरड केली कीं ही सुई माणसाला अडवणार नाहीं. चित्रळच्या १८९५ च्या मोहिमेनंतर ही तक्रार वाढली, आणि कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यांत टोंक उघडें ठेवून आंत गेल्यावर पसरणारी गोळी बनविण्यांत आली. त्या गांवाचें नांव साऱ्या जगांत एका क्रूर गोळीला चिकटलें. १८९९ च्या हेगच्या परिषदेंत अशा गोळ्यांना बंदी घालणारा ठराव झाला. टोंकदार गोळी आणि वाढता वेग यांनीं पुढें थ्री-नॉट-थ्रीविषयींची ती शंका आपोआप मावळली, आणि तीच रायफल पुढें साठ-सत्तर वर्षें भरंवशाची म्हणून नांवाजली गेली.

आतां आमच्या चांदमारीवरच्या त्या वाटाण्याकडे वळूं. दक्षिण आफ्रिकेंतील १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत शेतकरी असलेल्या बोअरांच्या नेमापुढें ब्रिटिश सैनिक उणे पडले. नेम शिकवावा तर थ्री-नॉट-थ्रीला मैलभर मोकळें रान हवें, काडतूस महाग, आणि दणक्यानें नवशिका डोळे मिटतो. म्हणून लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं लहान तोंडाच्या रायफलींच्या मंडळांचा पुरस्कार केला. तिचें काडतूस १८८७ पासून अमेरिकेंत बनत होतेंच: पॉइंट टू-टू, तोंड ५.६ मिलिमीटर, गोळी अवघी अडीच ग्रॅमांची. मग कोणा व्यवहारी मनुष्यास सुचलें कीं नवी रायफल कशाला, झिजलेल्या थ्री-नॉट-थ्रीचीच नळी कोरून तींत लहान नळी बसवावी. वजन तेंच, बोल्ट तोच, माशी तीच, हाताची संवय तीच; बदललें तें काडतूस आणि आवाज. काडतुसांची पेटी रिकामी ठेवून एक एक काडतूस हातानें घालावयाचें. मुलाच्या खांद्याला ती जड वाटे. पण धुळींत पडली, पावसांत भिजली, शंभर अननुभवी हातांतून गेली तरी ती बिघडत नसे. छात्रसेनेचा कायदा १९४८ चा. तिच्या कित्येक तुकड्या याच घडणीच्या रायफलीवर शिकल्या.

तिची उणीव एकच, आणि ती रायफलीची नव्हे, काडतुसाची. या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या कडेंत भरलेला असतो. कडेच्या एखाद्या भागांत तो नीट पसरला नसला तर पहिला ठोका वायां जातो, आणि दुसऱ्या ठोक्याला कदाचित् उडतो. थ्री-नॉट-थ्रीचा मसाला मध्यभागीं स्वतंत्र टोपींत असतो, म्हणून तें क्वचितच दगा देई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत, जो १८६९ पासून चालू आहे, हीं काडतुसें लाखांनीं बनलीं. 'के एफ' हीं त्याचीं अक्षरें बुडावर असत.

दौंडच्या पोलिसांच्या खांद्यावर पुष्कळ वर्षें मीं हीच थ्री-नॉट-थ्री पाहिली. स्टेशनवर बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई तिच्या दस्त्यावर हात टेकून चहा पीत असे, आणि ती त्याच्या घरचीच वाटे. भरंवसा मात्र प्रसंगाच्या मापानें मोजावा लागतो, हें नोव्हेंबर २००८ मध्यें कळलें. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दर बाराला हातानें बोल्ट ओढणारी रायफल घेतलेले पोलीस होते, आणि समोर तीस गोळ्यांची पेटी सलग झाडणारे हल्लेखोर. तरीही कांहीं शिपाई तेथें उभे राहिले. त्यांची रायफल वाईट नव्हती; तिची निवड ज्या काळासाठीं झाली होती तो काळ केव्हांच संपला होता, आणि हें लक्षांत ठेवण्याचें काम शिपायाचें नव्हतें. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं निरोप दिला.

आपल्या सैन्याची कथा याहून उद्बोधक आहे. १९६२ च्या चीनयुद्धानंतर ७.६२ मिलिमीटरांची स्वयंभरणी रायफल आली. १९९० नंतरच्या दशकांत इन्सास आली, ५.५६ मिलिमीटरांची: म्हणजे तोंडाच्या मापानें जवळजवळ आमच्या छात्रसेनेच्या रायफलीएवढीच, मात्र गोळी अधिक जड आणि वेग कितीतरी पट. हेतु हा कीं काडतूस हलकें असलें म्हणजे शिपाई तेवढ्याच ओझ्यांत अधिक काडतुसें नेईल. हिशेब चुकीचा नव्हता. परंतु १९९९ मध्यें कारगिलच्या थंडींत तिच्या प्लॅस्टिकच्या पेट्या तडकल्या, रायफली अडकल्या, अशा तक्रारी आल्या. आणि २०१९ मध्यें सैन्यानें पुन्हां ७.६२ च्या मोठ्या तोंडाची वाट धरली. लोक म्हणाले, लहान गोळी हरली. मला तें पटत नाहीं. जगांतल्या कित्येक फौजा त्याच लहान गोळीवर आजही विसंबून आहेत. येथें हरली ती पेटी.

आणि त्या वाटाण्याला कमी लेखण्याचें कारण नाहीं. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पन्नास मीटरांवर कांस्यपदक मिळविलें, तें याच पॉइंट टू-टू काडतुसानें.

त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही रायफली पुसावयास बसलों. पुलथ्रूच्या दोरीला चिंधी अडकवून ती नळींतून ओढावयाची, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. तिकडे हवालदार रिकामीं काडतुसें मोजीत होता. जितकीं दिलीं तितकीं परत भरावीं लागत. एक कमी भरलें. ताडपत्र्या झटकल्या, गवत चाळलें, अंधार पडूं लागला तरी कोणास जेवावयास सोडिलें नाहीं. शेवटीं माझ्या शेजारचा तो मुलगा पुढें आला आणि त्यानें मूठ उघडली. जमिनींत गेलेल्या त्या बाराचें काडतूस तो सकाळपासून हातांत धरून होता. तळव्यावर त्याच्या कडेची लाल खूण उमटली होती. हवालदारानें तें घेतलें, डब्यांत टाकलें, आणि वहींत आंकडा लिहून सही केली.