मेंदूच्या लहरी

वर्गात एखादे मूल बोलता बोलता क्षणभर थांबते, शून्यात पाहते, पुन्हा भानावर येते. आपण म्हणतो, "कार्ट्याचे लक्ष नाही!" पण मंडळी, दर वेळी ते खरे असतेच असे नाही.

१८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने सशांच्या व माकडांच्या मेंदूत विजेचे प्रवाह पाहिले. पुढे जर्मनीत येना येथे हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील लहरी टिपल्या व १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ बसावे, तर सेकंदाला सुमारे १० लहरी! पुष्कळांना ते खरे वाटेना. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन व मॅथ्यूज यांनी पडताळा घेतला, तेव्हा शंका फिटली. १९३५ मध्ये बोस्टनला गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी दाखविले की, अशा क्षणिक शून्यपणात टोकदार लहरी सेकंदाला सुमारे ३ वेळा उमटतात. म्हणजे ती खोड नव्हे. तो अपस्माराचाच एक प्रकार, आणि बहुधा औषधाने आवरणारा.

आता असे यंत्र डोक्याच्या पट्ट्यात मावते. पण पट्टा खूण दाखवील; निदान डॉक्टरांनीच करावयाचे. वाचन-लेखनातील अडचण तर नुसत्या लहरींवरून ठरत नाही. तेव्हा गुरुजी, छडीकडे हात जाण्यापूर्वी मुलाकडे नीट पाहा, आणि त्याच्या आईबापांना दवाखान्याची वाट दाखवा.