लॉग टेबलातली बारावी

महाराष्ट्रात १९७५ साली नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली आणि १९७७ मध्ये पहिली बारावी. सायंटिफिक कॅल्क्युलेटर त्याआधीच जगात आला होता. ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा १९७२चा. पण आमच्या फिजिक्सच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. बार्शीत मी बारावीला फिजिक्स शिकवत आलो. या नियमाला पुष्कळजण मागासलेपणा म्हणतात. मला तो मोलाचा वाटतो.

लॉगॅरिथम स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये छापून जगापुढे ठेवले. ते वाचून हेन्री ब्रिग्ज त्याला भेटायला लंडनहून एडिंबरोला गेला आणि दोघांच्या चर्चेतून दहाचा पाया पक्का झाला. ब्रिग्जचं पहिलं कोष्टक १६१७चं, एक ते हजार संख्यांचं, चौदा दशांश स्थळांपर्यंत. आमच्या मुलांना चार स्थळं पुरतात. दहाच्या पायामुळे २, २० आणि ०.०२ या तिन्हींसाठी कोष्टकात एकच नोंद सापडते, ३०१०. दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते कोष्टक सांगत नाही, ते मुलालाच ठरवावं लागतं. उत्तर मिलिमीटरमध्ये यायला हवं की किलोमीटरमध्ये, याचा अंदाज डोक्यात असल्याशिवाय त्याचं पुढे चालत नाही. फिजिक्स शिकणं यातच आलं, असं माझं ठाम मत आहे.

सरफेस टेन्शनमधलं नेहमीचं गणित घ्या. पाण्याचे २७ सारखे थेंब मिळून एक मोठा थेंब झाला. आकारमान तेवढंच राहिलं, म्हणजे त्रिज्या तिप्पट, पृष्ठफळ एका छोट्या थेंबाच्या नऊपट. आधी ते २७ पट होतं. दोन तृतीयांश पृष्ठऊर्जा मोकळी झाली. पेपर काढणारे ८, २७, ६४, १००० हेच आकडे घेतात, कारण घनमूळ तोंडी निघतं. मी वर्गात २० थेंब द्यायचो. लॉग १.३०१०, भागिले तीन ०.४३३७, अँटिलॉग २.७१४. मग मूळ थेंबाच्या ०.०२ पट आकारमानाच्या थेंबाची त्रिज्या विचारायचो. इथे लॉग बार-दोन पॉइंट ३०१०, म्हणजे उणे दोन अधिक ०.३०१०. बार-दोनला तीनने भाग जात नाही, म्हणून त्याचा बार-तीन करायचा आणि उरलेला एक पुढे मिळवायचा: १.३०१० भागिले तीन, पुन्हा ०.४३३७. बार-तीनचा बार-एक झाला, म्हणून उत्तर ०.२७१४. तेच आकडे परत आलेले पाहून वर्गात कुजबुज सुरू व्हायची. वीसला हजाराने भागलं की घनमूळ दहाने कमी होणार, हे कोणीतरी मागच्या बाकावरून ओरडून सांगायचं, आणि त्या दिवशी मला पुढचं शिकवावंसं वाटायचं नाही.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीला सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत. थिअरीचं उत्तर लिहिताना ती घाबरत. न्युमेरिकलला मात्र फॉर्म्युला, सब्स्टिट्यूशन, उजवीकडे लॉगचं कच्चं काम आणि शेवटी युनिट. भाषा आड येत नव्हती. शहरातल्या मुलांच्या बरोबरीने ती उभी राहायची ती इथेच.

ज्यांना आणखी हवं असे, ती मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं, इरोडोव्हचं फिजिक्सच्या गणितांचं पुस्तक मिळवत. स्वस्त, पण एकेक गणित आठवडा खाणारं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि ती पुस्तकं मिळणं अवघड झालं. १९९२ मध्ये, तेव्हा पाटण्याच्या सायन्स कॉलेजात असलेल्या एच. सी. वर्मांचं ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ आलं आणि पुढे घरोघरी पोचलं. आयआयटीची प्रवेश परीक्षाही तेव्हा लिहून द्यायची होती. २००६ पासून ती पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, फक्त अँटिलॉग चुकला, अशा मुलाला बोर्डाच्या पेपरात पायरीचे गुण पडतात. आयआयटीच्या परीक्षेत त्याला काहीच मिळत नाही, आणि तो कुठे घसरला हे तपासणाऱ्यालाही कळत नाही.