संबंधी सर्वनामे : मराठीतील ‘जो-तो’ आणि इंग्रजीतील ‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’

वाक्यातील एखाद्या नामाशी गौण वाक्य जोडून देणारे सर्वनाम म्हणजे संबंधी सर्वनाम. मराठीत जो, जी, जे व त्यांची रूपे हे काम करतात. इंग्रजीत ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’, ‘व्हिच’ आणि ‘दॅट’.

मराठीची रचना जोडीची आहे. ‘जो माणूस काल आला तो माझा काका’ या वाक्यात ‘जो’ला ‘तो’ उत्तर देतो. विशेष म्हणजे, यांतला ‘जो’ गाळता येतो (‘काल आला तो माणूस माझा काका’). ‘तो’ मात्र सहसा टिकून राहतो. इंग्रजीत नेमके उलट घडते. तेथे ‘तो’ला जागाच नाही. त्यामुळे ‘द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल’ असे वाक्य मराठी विद्यार्थ्याच्या लेखणीतून सहज उतरते. त्यातील ‘ही’ हा मराठीतला ‘तो’ होय; तो काढला की वाक्य शुद्ध होते.

सुरतच्या दक्षिणेस असलेल्या उधना परिसरात ही अडचण अधिक ठळक होते. यंत्रमाग व कापड उद्योगामुळे तेथे खानदेशातील अनेक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. मुलांच्या घरी अहिराणी किंवा मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यांच्या आवारात हिंदी. गुजरातीत ‘जे-ते’, हिंदीत ‘जो-वह’. म्हणजे कानांवर पडणारी प्रत्येक भाषा जोडीचीच. गोव्यातील वाचकांना कोंकणीतील ‘जो-तो’ परिचित आहेच. चूक अभ्यासाच्या अभावातून होते असे मानणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

निवडीचे नियम त्या मानाने सोपे आहेत. माणसांसाठी ‘हू’, वस्तूंसाठी ‘व्हिच’. लिंग-वचनानुसार ही रूपे बदलत नाहीत. ‘हूज’ वस्तूंनाही चालते. सर्वनाम कर्म असेल तर ते गाळता येते (‘द बुक आय बॉट’), कर्ता असेल तर नाही.

खरी जोखीम स्वल्पविरामात आहे. ‘द वीव्हर्स हू वर्क्ड ॲट नाइट वेअर नॉट पेड’ याचा अर्थ, रात्री काम करणाऱ्या विणकरांनाच वेतन मिळाले नाही. ‘हू’च्या आधी आणि ‘नाइट’च्या नंतर स्वल्पविराम दिल्यास अर्थ होतो : सर्वच विणकरांनी रात्री काम केले आणि कोणालाही वेतन मिळाले नाही. थकीत वेतनाच्या अर्जात या दोन चिन्हांनी दावेदारांची संख्या बदलते. अशा स्वल्पविरामयुक्त वाक्यात ‘दॅट’ वापरत नाहीत.

मराठीत पहिल्या अर्थासाठी ‘ज्या विणकरांनी… त्यांना’ ही रचना योग्य. दुसऱ्यासाठी दोन वाक्ये करावीत : ‘विणकरांनी रात्री काम केले, त्यांना वेतन मिळाले नाही.’ भाषांतरित बातम्यांत हल्ली दिसणारे ‘विणकर, जे की रात्रपाळीला होते’ हे वळण हिंदी-इंग्रजीच्या छायेतले असून ते टाळलेले बरे.