रोजचं पान

कस्तुरबा गांधी मार्गाचं जुनं नाव कर्झन रोड. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेनं जाणारा हा रस्ता मी गेली काही वर्षं आठवड्यातून चार दिवस तुडवते. इथल्या एका उंच इमारतीत माझं अनुवादाचं काम चालतं : अहवाल, करारनामे, क्वचित एखादी कविता. नवं महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाजूनं गेलं की मराठी बोलणं कानावर पडतं आणि बरं वाटतं. आणि याच रस्त्यावर, तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की आता आपला श्वास पुरणार नाही.

कारण म्हणावं तर क्षुल्लक होतं. एका करारनाम्यातला 'नाही' माझ्या हातून गळला होता. चूक वेळेत सापडली, दुरुस्त झाली, कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची, पोटात गोळा आलेला असायचा आणि डोक्यात ते एकच वाक्य फिरत राहायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या, त्यांचा उपयोगही झाला. नगरहून आत्याचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "रोज एक अध्याय वाचतेस ना गं?" मी म्हटलं, "हो आत्या."

ते खोटं होतं. आमचं घर नगरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं. दिवेलागणीला नारायण वामन टिळकांची पदं आणि पवित्र शास्त्राचा एक अध्याय, हा नेम. विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकताना बायबल माझ्यासाठी अभ्यासाची एक संहिता झालं आणि नेम सुटला. आत्याशी खोटं बोलल्याची लाज वाटली म्हणून मी पुन्हा वाचायला बसले. श्रद्धा परतली होती म्हणून नव्हे. हाताशी होती ती एका जुन्या कामासाठी काढलेली छायाप्रत : पंडिता रमाबाईंनी केलेलं मराठी भाषांतर.

रमाबाईंचं केडगाव पुणे-दौंड लोहमार्गावरचं. नगरलाही एक केडगाव आहे, त्यामुळे लहानपणी मला रमाबाई आमच्या शेजारच्याच वाटायच्या. त्यांचं चरित्र मला पाठ होतं, निदान असं मी समजत होते. पण झोप नसलेल्या माणसाला तेच चरित्र वेगळं दिसतं.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून पुराणं वाचत हिंडलं. रमाबाईंनी नंतर लिहून ठेवलं आहे की पुराणिक पोथी मोठ्यानं वाचतो, अर्थ सांगतोच असं नाही, कारण पवित्र शब्द कानावर पडले की पुण्य लागतं अशी समजूत असते. म्हणजे रोजचं धर्मग्रंथवाचन हे रमाबाईंना ख्रिस्ती झाल्यावर मिळालेलं नाही, ते त्यांच्या घरच्या चुलीशी जोडलेलं होतं. आणि ती चूल विझली. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं चालत चालत, उपाशी, 1878मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदं दिली. 1880मध्ये भाऊ गेला. 1882मध्ये, लग्नाला दोन वर्षंही झाली नसताना, पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरात मनोरमा, वय एक वर्षही नाही.

त्याआधी सिल्चरच्या घरात, पतीच्या पुस्तकांमध्ये, त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली होती. गोष्ट इथून सरळ बाप्तिस्म्याकडे आणि बाप्तिस्म्यातून शांतीकडे जाते, असं आम्हांला रविवारच्या शाळेत शिकवलं जाई. ती तशी जात नाही.

1883मध्ये रमाबाई इंग्लंडात वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. आपल्यालाही बाटवतील या भीतीनं आनंदीबाईंचं मन ढासळलं आणि त्यांनी विष घेऊन जीव दिला. त्यानंतर थोड्याच काळात, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. एकाच छपराखाली एकीला ज्या धर्मात थारा दिसला, त्याच धर्माच्या धास्तीनं दुसरी संपली. हा प्रसंग मी पूर्वी वाचला होता, पण तळटीप वाचावी तसा. श्रद्धेनं चिंता जाते असं कुणी सरसकट म्हणू लागलं की आता मला आनंदीबाई आठवतात.

आणि खुद्द रमाबाई? 1907मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या स्वच्छ सांगतात की बाप्तिस्म्यानं त्यांना धर्म मिळाला, पण ज्याचा तो धर्म, तो ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षं लागली. या आठ वर्षांत त्यांनी इंग्लंडात शिकवलं, अमेरिकेत व्याख्यानं दिली, इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि 1889मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाई किती खंबीर वाटली असेल. आतली अस्वस्थता मात्र 1891च्या सुमारापर्यंत गेली नव्हती. मला यात दिलासा वाटला. आपल्याला वेळ लागतो आहे म्हणजे आपलं काही चुकतं आहे असं नाही.

पुढे 1896-97चा दुष्काळ आला. स्वतः दुष्काळातून आलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. 1899-1900च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी आल्या. केडगावच्या मुक्तीत हजाराहून अधिक बायकामुली राहू लागल्या. ज्याचं नाव माझ्या रस्त्याला पूर्वी होतं, तो कर्झन तेव्हा व्हाइसरॉय होता.

या मुलींना अक्षरओळख झाली की त्यांच्या हाती काय द्यायचं, हा प्रश्न होता. मराठी बायबल होतं. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार 1811मध्येच निघाला होता आणि पुढे बायबल सोसायटीची भाषांतरं होत गेली. पण त्यांची संस्कृतप्रचुर भाषा नुकतं वाचू लागलेल्या मुलीला अडवणारी. जिला संस्कृत लहानपणापासून मुखोद्गत, तिनंच संस्कृत शब्द बाजूला ठेवायचं ठरवलं. साध्या मराठीसाठी रमाबाई चाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. 1921मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ छापून आला 1924मध्ये.

अनुवादक म्हणून सांगते, हे भाषांतर गुळगुळीत नाही. मुळाला इतकं चिकटून चालतं की कित्येक ठिकाणी मराठी वाक्य लंगडतं. कॉलेजात मी त्याला नावं ठेवली असती. पण पहाटे तीनला मला त्याचा वेगळा उपयोग कळला. वाक्य आखूड, शब्द घरातले, आणि मधूनच असा खडा लागतो की पुन्हा वाचावं लागतं. पुन्हा वाचेपर्यंत करारनाम्यातलं वाक्य मागे पडतं.

पहिल्या स्तोत्रात, धर्मशास्त्र रात्रंदिवस मनात घोळवणाऱ्या माणसाच्या वर्णनात, हिब्रू क्रियापद आहे 'हागा'. मराठीत तिथं 'मनन' येतं. मनन मनात होतं, गुपचूप. 'हागा' मात्र तोंडानं होतो, त्याचा अर्थ पुटपुटणं. यशयाच्या पुस्तकात सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्यालाही हेच क्रियापद आहे. हे वाचून मी थबकले, कारण चिंताही तेच करते. तेच ते वाक्य आतल्या आत पुटपुटत राहते. मराठीत तर चिंता आणि चिंतन एकाच धातूतून आले आहेत. रोजचं वाचन माझ्यापुरतं एवढंच करतं : ओठ थांबवत नाही, ओठांना दुसरे शब्द देतं.

ते शब्द मला कळणारे असावे लागतात. अर्थ न कळताही पुण्य लागतं, या समजुतीच्या घरात रमाबाई वाढल्या होत्या आणि त्याच घरात त्यांनी उपासमारही पाहिली होती. म्हणून दिलासा कळणाऱ्या भाषेत असावा यासाठी त्यांनी एवढी वर्षं घातली, असं मी समजते. ही हौस मराठीला नवी नाही. गीतेसाठी ज्ञानेश्वरांनी 1290मध्ये तेच केलं, आणि फादर स्टीफन्स यांचं 1616चं ख्रिस्तपुराण त्याच वाटेवरचं.

माझ्या श्रद्धेचं काय, असं आत्या विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पहाटेची जाग अजून कधीतरी येते. मग स्वयंपाकघरातला दिवा लावते, चहा ठेवते, एक पान वाचते. पुढे जिचं नाव या रस्त्याला मिळालं, त्या कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत वारल्या. तिथून केडगाव दूर नाही. कामावर जाताना नावाची पाटी दिसली की दोघीही आठवतात. लिफ्टमध्ये शिरताना मनात सकाळचं पान असतं. मग टेबलाशी बसते आणि प्रत्येक करारनाम्यातले 'नाही' दोनदा मोजते.